तारखेची वाट, हंगामाचे दिवस

पहाटे ५ : शेडमधलं काम सातला सुरू होतं, तरी मी पाचला उठते. पहिले दोन तास कुणाशी बोलावं लागलं नाही तर पुढचा दिवस झेपतो. आई चहा ठेवते आणि काही न बोलता परसात जाते. कपडे रात्रीच काढून ठेवलेले असतात, मानेला टोचणारं लेबल उसवलेला सुती कुर्ता. मोबाइल उघडत नाही. प्रौढांची स्वमग्नता तपासणाऱ्या मुंबईच्या एका केंद्रात माझं नाव नोंदवलेलं आहे, तारीख पुढच्या पावसाळ्यानंतरची. आधीची वेळ रिकामी झाली का, हे पूर्वी मी डोळे उघडल्याबरोबर बघायचे. आता फक्त शुक्रवारी संध्याकाळी बघते. एवढ्या एका नियमाने माझी सकाळ मला परत मिळाली.

सकाळी ७ : एप्रिलमध्ये रत्नागिरीत सगळं हापूसभोवती फिरतं. घळीने देठासकट उतरवलेला आंबा क्रेटमधून येतो, त्याचं वजन करून प्रत लावायची, डागी बाजूला काढायचा, पेटीची नोंद करायची. हे काम मला मनापासून आवडतं, कारण यात काय अपेक्षित आहे ते स्पष्ट असतं. अवघड होतं ते भोवतालचं. लाकडी खोक्यांना खिळे ठोकताना आवाज डोक्यात घुसायचा, आणि चालता चालता सांगितलेली कामं मधेच निसटायची. मी बागायतदार काकांना एवढंच म्हटलं, ‘‘काका, मला लिहून देत जा. तोंडी सांगितलेलं राहत नाही.’’

‘‘बरं बाय, फळ्यावर लिहितो,’’ ते म्हणाले. खोकी ठोकायचं काम त्यांनी मागच्या पडवीत हलवलं. निदान, प्रमाणपत्र, काहीच विचारलं नाही. तारीख येईपर्यंत सगळं सोसत बसायचं, असा माझा समज होता. पण यातल्या कितीतरी गोष्टी कागदाशिवाय मागता येतात, आणि मागाव्यात असं मला आता ठामपणे वाटतं.

११ वाजता गिऱ्हाइकांचे फोन सुरू होतात. ते दुसरी मुलगी घेते, मी तिच्या नोंदी तपासते.

दुपारी १.३० : जेवण झाल्यावर आईबरोबर वही. स्वमग्नता लहानपणापासून असते, त्यामुळे प्रौढाला तपासतानाही बालपण विचारतात. पहिला शब्द कधी, खेळणं कसं, शाळेतले शेरे. मी पहिलीत गेले त्या सुमारास, १९९५ साली, अपंगांसाठी कायदा झाला. त्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, स्वमग्नता नव्हती. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली, आणि २०१६च्या कायद्यातल्या एकवीस प्रकारांत तिला जागा मिळाली. तोवर माझं शिक्षण संपलं होतं. प्रगतिपुस्तकात ‘मिसळत नाही’ एवढंच आहे. बाईंना तरी वेगळं काय कळणार होतं?

आई आठवून सांगते. ‘‘लग्नात बँड लागला की तू माडीवर जाऊन बसायचीस. ताट बदललं तर जेवायची नाहीस.’’ मग थांबते. ‘‘माझंच काही चुकलं का गो?’’

हा प्रश्न तिच्या मनात कुठून येतो ते मला माहीत आहे. ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७च्या पुस्तकात मुलांच्या स्वमग्नतेचा दोष आयांच्या थंडपणावर टाकला होता. ते मत खोटं ठरून मोडीत निघालं, पण जगभरच्या आयांना त्याने छळलं. मी आईला हे सगळं सांगितलं. तिने पदराने डोळे पुसले आणि बँडची गोष्ट पुन्हा नीट, वर्षासकट लिहून घ्यायला लावली.

दुपारी ४ : आज मनोविकारतज्ज्ञांकडे जायचं होतं. राज्यातल्या चार जुन्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आमच्या रत्नागिरीत आहे. या गावाला मानसिक आजार नवा नाही, तरी दवाखान्याची पायरी चढताना बाया अजून ओळखीचं कुणी नाही ना ते बघतात. डॉक्टर माझ्या झोपेवर आणि धास्तीवर उपचार करतात, त्यासाठी स्वमग्नतेच्या निदानाची वाट बघावी लागत नाही. सविस्तर तपासणी मात्र चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ करतात. त्यात तास जातात, आणि बहुतेक केंद्रं लहान मुलांसाठी उभी राहिलेली. म्हणून रांग. डॉक्टरांनी बजावलं आहे की घाईघाईत फोनवर निदान विकणाऱ्यांकडे जायचं नाही आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी पाहिल्याशिवाय पैसे भरायचे नाहीत. इंटरनेटवरची पन्नास प्रश्नांची चाचणी मीही सोडवली होती. ती इशारा देते, निदान नाही.

संध्याकाळी ७ : वाशीची गाडी भरून गेली. पनवेलहून दादाचा फोन.

‘‘आता या वयात कागद घेऊन करणार काय?’’

‘‘मला कळायला हवंय, दादा. इतकी वर्षं मला तुसडी म्हणाले, तू पण म्हणालास.’’

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘तपासणीला जायच्या गाडीचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं ना? त्या दिवशी मी काढतो. आईचं पण.’’

रात्री ९ : या वेळी स्वमग्नतेवर काही वाचायचं नाही. वाचत बसले की पहाटेपर्यंत स्वतःलाच तपासत राहते. मन फारच उसळलं तर १४४१६ हा टेलिमानस मदतवाहिनीचा क्रमांक भिंतीवर लावला आहे. तो मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. आज त्याची गरज पडली नाही. तपासणीला विचारायचे प्रश्न मात्र वहीच्या शेवटच्या पानावर वाढवते. सरकारी प्रमाणपत्रासाठी वापरतात ती चाळीस मुद्द्यांची आयसा मोजपट्टी माझ्या वयाला कितपत लागू पडते? आईला आत बसू देतील का? आणि आज नवीन घातलेला, सगळ्यात वरचा प्रश्न : अहवाल आईला वाचता येईल अशा मराठीत मिळेल का?