पीसीआर पॉझिटिव्ह म्हणजे आजार उलटला का?

जठराच्या माल्ट लिम्फोमाचे (अस्तरातील लिम्फपेशींचा संथ वाढणारा कर्करोग) निदान मुख्यतः एंडोस्कोपीत काढलेल्या तुकड्यांच्या सूक्ष्मदर्शक तपासणीवर ठरते. पीसीआर (डीएनएच्या ठरावीक भागाच्या असंख्य प्रती काढणारी चाचणी) त्या पेशी एकाच पेशीची संतती आहेत का, एवढेच सांगते. साध्या जठरदाहातही ती कधीकधी पॉझिटिव्ह येते.

या आजारामागे सहसा असणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी जंतू अँटिबायोटिक्सने नष्ट केल्यावर बहुतेकांचा आजार ओसरतो. पीसीआर मात्र पुढे काही वर्षेही पॉझिटिव्ह राहू शकते. तण उपटले तरी मातीत बी उरते. पण बी म्हणजे माजलेले तण नव्हे. रानावर नजर मात्र हवी, म्हणून ठरावीक काळाने एंडोस्कोपी करतात. मात्र कर्करोगाच्या पेशींत ११ व १८ क्रमांकांच्या गुणसूत्रांत अदलाबदल आढळल्यास अँटिबायोटिक्सचा गुण सहसा येत नाही.