दारूबंदीची पाऊलवाट (भाग ११) : रांगेत नसलेली माणसं

परवान्याचं प्रकरण आज लिहायचं होतं. ते आठवडाभर थांबेल. सांगलीच्या एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आलं आणि चार दिवस डोक्यातून हललं नाही. सर लिहितात : ‘दहा आठवडे तुम्ही कायद्यांचा इतिहास सांगताय. पण ४ मे २०२० रोजी लोकांनी एका दिवसात निकाल देऊन टाकला. टाळेबंदीत बंद असलेली दारूची दुकानं उघडली आणि रांगा लागल्या. लोकांना बंदी नको आहे, याला आणखी काय पुरावा हवा?’

सर, त्या रांगा मीही पाहिल्या. आमच्या रस्त्याच्या टोकाला वाईन शॉप आहे. दुकानदाराने चुन्याने गोल आखले होते. पहिल्या तासाभरातच ते पायांखाली पुसले गेले. तोंडाला रुमाल, हातात घडी केलेली कापडी पिशवी, आणि आपल्याला कुणी ओळखू नये म्हणून मान खाली. काही जण मात्र एखाद्या सणाला आल्यासारखे खुशीत होते. ४ आणि ५ मेला देशात ठिकठिकाणी हेच चित्र होतं. दिल्ली सरकारने दुसऱ्याच दिवसापासून छापील किमतीवर ७० टक्के ‘विशेष कोरोना शुल्क’ लावलं, तरी रांग हटली नाही. तिथे एका माणसाने रांगेतल्यांवर फुलं उधळली आणि तुम्हीच देशाची अर्थव्यवस्था आहात असं सांगितलं. ती चित्रफीत घराघरात पोचली. आंध्रात आधी २५ टक्के, मग आणखी ५० टक्के दरवाढ झाली. कर्नाटकात पहिल्या दिवशी ४५ कोटींची विक्री झाली आणि दुसऱ्या दिवशी १९७ कोटींची. मुंबईत गर्दी इतकी अनावर झाली की महापालिकेने दोन दिवसांत सगळी दुकानं पुन्हा बंद केली.

या रांगांवर तेव्हा विनोदांचा पाऊस पडला. मला ते विनोद तेव्हाही आवडले नाहीत. त्याचं कारण हाच आजचा विषय आहे. टाळेबंदीत दुकानं बंद होती ती २५ मार्च ते ३ मे, म्हणजे चाळीस दिवस. दारूशिवाय चाळीस दिवस काढून जो ४ मेला उन्हात दोन-तीन तास उभा राहू शकला, त्याच्याबद्दलच ती रांग काही सांगते. जो चाळीस दिवस काढू शकला नाही, तो त्या रांगेत नव्हताच. रांग पुरावा आहे, सर, पण अर्धा.

आमच्या मागच्या गल्लीत एक गृहस्थ राहतात. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. कारखान्यात फिटर होते. वीस वर्षं रोज संध्याकाळी देशीची एक क्वार्टर, शेवटच्या काही वर्षांत सकाळीही थोडी. भांडण नाही, तंटा नाही, पगार घरात. त्यामुळे ‘अण्णा पितात’ याला कुणी आजार म्हटलं नव्हतं. टाळेबंदीच्या दुसऱ्या दिवशी त्यांचे हात कापू लागले. घाम, उलट्या, झोप नाही. तिसऱ्या रात्री अंग तापलं आणि भिंतीवर मुंग्यांची रांग चढतेय म्हणून ते पंच्याने भिंत झाडू लागले. भिंतीवर काही नव्हतं. वहिनींनी मला हाक मारली, तेव्हा मी दाराबाहेरच उभा राहिलो, कारण मार्च २०२० मध्ये ताप म्हटलं की सगळ्यांच्या मनात एकच शब्द यायचा. शेजाऱ्यांनी दारं लावून घेतली. पहिल्या रुग्णालयाने ताप ऐकून आतच घेतलं नाही. दुसऱ्या ठिकाणी एका तरुण डॉक्टर मुलीने फाटकापाशीच विचारलं, ‘शेवटची कधी प्यायले होते?’ त्या एका प्रश्नाने अण्णा वाचले.

ज्याला आपण तल्लफ म्हणतो, त्याहून हे फार वेगळं प्रकरण आहे. दारू मेंदूला मंद करते. रोज भरपूर दारू मिळत राहिली की मेंदू त्या मंदपणावर मात करायला स्वतःचा वेग वाढवून घेतो. उतारावर ब्रेक दाबलेला असताना गाडी पळवायची तर इंजिनाला जास्त जोर लावावा लागतो, तसं. एके दिवशी ब्रेक अचानक सुटतो, जोर मात्र तसाच राहतो. सहा-आठ तासांत कंप सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भ्रम होतो : वेळ-काळ कळत नाही, नसलेलं दिसतं, ताप चढतो, नाडी धावते. उपचार न मिळाल्यास या अवस्थेत माणूस दगावतो. अफूच्या व्यसन्याला नशा सुटताना असह्य यातना होतात, पण त्यात जीव जाण्याचा धोका सहसा कमी असतो. दारूच्या बाबतीत तो खरा आहे. उपचार मात्र साधे, जुने, स्वस्त आहेत. मेंदूचा वेग हळूहळू उतरवणाऱ्या गोळ्या, ब-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन, पाणी आणि आठवडाभर लक्ष.

अशी माणसं किती? केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल फेब्रुवारी २०१९ मध्ये आला, टाळेबंदीच्या अवघ्या वर्षभर आधी. देशात दारू पिणारे सुमारे १६ कोटी. त्यांतले दारूवर पूर्ण अवलंबून असलेले सुमारे २.९ कोटी. आणि अशा ३८ जणांतल्या एकालाच कधी काही उपचार मिळालेले. म्हणजे २४ मार्चच्या रात्री आठला जी घोषणा झाली, तिने कोट्यवधी माणसांची दारू चार तासांच्या सूचनेने तोडली. ही माणसं आहेत हे वर्षभर कागदावर होतं. टाळेबंदीच्या आदेशात त्यांच्यासाठी एक ओळही नव्हती.

त्यांची दखल घेतली ती केरळने. तिथली दारूविक्री सरकारी महामंडळाच्या हातात आहे, आणि पहिल्याच आठवड्यात दारू न मिळाल्याने आत्महत्या झाल्याच्या बातम्या येऊ लागल्या. ३० मार्चला सरकारने आदेश काढला : सरकारी डॉक्टरने तपासून तसा दाखला दिला, तर उत्पादन शुल्क खातं पास देईल आणि त्यावर ठरावीक दारू मिळेल. डॉक्टर खवळले. सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या संघटनेने काळी फीत लावून निषेध केला, इंडियन मेडिकल असोसिएशनने विरोध केला, खासदार टी. एन. प्रतापन उच्च न्यायालयात गेले. २ एप्रिलला न्यायालयाने आदेशाला तीन आठवड्यांची स्थगिती दिली.

डॉक्टरांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. दारू सुटल्याच्या आजारावर दारू लिहून देणं हे औषध नव्हे, आणि उपचार उपलब्ध असताना तर मुळीच नव्हे. पण मला त्या आदेशाबद्दल आदरही आहे. उपाय चुकला, तरी निदान करण्याचं धैर्य एका सरकारने दाखवलं. शिवाय त्याच सरकारच्या उत्पादन शुल्क खात्याचं ‘विमुक्ती’ हे व्यसनमुक्ती अभियान आधीपासून चालू होतं, त्यामुळे माणसांना पाठवायला जागा तरी होती. आपल्याकडे चर्चा दुसऱ्याच वाटेने गेली. एप्रिलच्या अखेरीस राज ठाकरे यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून खाणावळी आणि वाईन शॉप उघडण्याची मागणी केली. दिवसाला सुमारे ४१ कोटींचा महसूल बुडतो, हा त्यातला मुद्दा. त्यावर ‘सामना’तून टीका झाली आणि आठवडाभर महसूल विरुद्ध नैतिकता असा सामना रंगला. महसुलाचा मुद्दा खोटा नव्हता. दारू जीएसटीच्या बाहेर आहे आणि तिचा कर थेट राज्याच्या तिजोरीत पडतो. बाकीचे झरे आटले असताना राज्यांना तो हवाच होता. पण त्या सगळ्या वादात अण्णा कुठेच नव्हते.

बंदीच्या काळात हातभट्ट्या पेटल्या, हे वेगळं सांगायला नको. काळा गूळ, नवसागर, ओढ्याकाठी पुरलेली रसायनाची पिंपं. या मालिकेच्या वाचकांना ते पाठ आहे. मला जास्त अस्वस्थ करते ती सॅनिटायझरची गोष्ट. २०२० च्या मार्चमध्ये मद्यार्काच्या डिस्टिलऱ्यांना आणि साखर कारखान्यांना सॅनिटायझर बनवायची परवानगी मिळाली. दारूसाठी निघणारा मद्यार्क बाटलीत भरून किराणा दुकानात आला, आणि हात कापणाऱ्या माणसाला त्या बाटलीवरचा फक्त ‘अल्कोहोल’ हा शब्द दिसला. बाटलीत इतर रसायनं असतात, काही मालात तर मिथेनॉलसारखं सरळ विषच असतं. जुलै २०२० च्या अखेरीस आंध्रातल्या प्रकाशम जिल्ह्यात कुरिचेडू गावी स्थानिक टाळेबंदीमुळे दुकानं बंद होती. सॅनिटायझर पिऊन तिथे दहाहून अधिक माणसं गेली. आणि एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, आपल्या यवतमाळ जिल्ह्यात वणीला सात जण गेले. कष्टकरी माणसं होती. वणीची बातमी वाचून मी त्या दिवशी जेवलो नाही.

सरांच्या पत्राला आणखी एक बाजू आहे आणि ती लपवणं अप्रामाणिकपणाचं होईल. दुकानं उघडल्यावर तमिळनाडूत बायका रस्त्यावर उतरल्या, दुकानांसमोर बसल्या. चाळीस दिवस घरात पैसा टिकला होता, मारहाण थांबली होती, असं त्यांतल्या कित्येकींचं म्हणणं होतं. ७ मेला तिथली सरकारी दुकानं उघडली, ८ मेला मद्रास उच्च न्यायालयाने बंद करायला लावली, १५ मेला सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. या बायकाही लोकच आहेत ना, सर? रांगेतले तेवढे लोक, असं कसं म्हणता येईल?

दक्षिण आफ्रिकेतही दोन्ही बाजू खऱ्या ठरल्या. तिथे २०२० आणि २०२१ मिळून चार वेळा दारूविक्री थांबवली गेली. दर वेळी रुग्णालयांतले मारामारीचे आणि अपघातांचे जखमी घटले, म्हणून डॉक्टर खुश. आणि दर वेळी लोक घरी अननस आंबवून दारू बनवू लागले, बाजारात अननस महाग झाले. बंदीने काही जीव नक्की वाचले.

म्हणून माझं उत्तर असं. रांगांनी दारूबंदी चूक ठरत नाही आणि बायकांच्या मोर्च्यांनी ती बरोबरही ठरत नाही. या दोन्ही गर्दींत न दिसलेला माणूस मला महत्त्वाचा वाटतो. पुढे कधीही, साथीमुळे असो, निवडणुकीमुळे असो किंवा जिल्हा कोरडा करायच्या ठरावामुळे असो, दारू बंद करण्याच्या आदेशातच प्रत्येक तालुक्याच्या रुग्णालयात किती खाटा आणि किती गोळ्या राखून ठेवल्या आहेत, हे छापलेलं असायला हवं. ते नसेल, तर तो आदेश अर्धवट आहे, असं मी म्हणेन.

अण्णा आज बरे आहेत. मे २०२० मध्ये ते आमच्या कोपऱ्यावरच्या रांगेत नव्हते. संध्याकाळी वहिनींबरोबर टेकडीवर येतात, आणि त्यांची गोष्ट लिहायची परवानगी त्यांनीच दिली.

परवाना पुढच्या आठवड्यात, नक्की. दारू घरपोच देण्याची सोय सुरू झाली, तेव्हा महाराष्ट्रातल्या पुष्कळ लोकांना पहिल्यांदाच कळलं की इथे प्यायला परवाना लागतो आणि आजन्म परवान्याला हजार रुपये पडतात. गंमत १९४९ पासूनची आहे, निवांत सांगतो.

तोवर एक विनंती. तुमच्या घरात कुणी वर्षानुवर्षं रोज पीत असेल आणि उद्यापासून सोडतो म्हणत असेल, तर त्याला शाबासकी द्या, पण एकट्याने एका दिवसात सोडू देऊ नका. आधी डॉक्टरांकडे न्या. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाईन १४४४६ आहे. हा आकडा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.