न दुखणारी जखम

महाराष्ट्रातल्या रेडीची हद्द संपते तिथे तेरेखोल लागतं. खाडीच्या अलीकडचा हा किल्ला १७४६ साली पोर्तुगीजांनी घेतला, म्हणून तो आजही गोव्यात मोडतो. या शेजाऱ्यांकडून आपल्या किनाऱ्याने काजू घेतला, मिरची घेतली आणि सोळाव्या शतकात एक आजारही. आयुर्वेदाने त्याला फिरंग रोग म्हटलं, लोकांनी गरमी, डॉक्टरांनी सिफिलिस. भावमिश्रांनी ‘भावप्रकाशा’त त्याचे प्रकार सांगितले: बाहेरचा, आतला आणि दोन्हीकडचा. मळसूत्रासारखा पिळदार जंतू बर्लिनमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली सापडला तो १९०५ साली. मग हा रोग आत दडतो, हे त्या वैद्याला नुसत्या डोळ्यांनी कसं कळलं असेल?

कारण दडण्यातच या रोगाची सगळी हुशारी आहे. संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी लिंगावर, गुदद्वाराशी किंवा ओठावर कडक कडेचा एक व्रण उठतो. बहुधा दुखत नाही, म्हणून पुरुष काणाडोळा करतो. तीन ते सहा आठवड्यांत तो औषधाविना भरून येतो! श्रेय मात्र त्या दिवसांत जे घेतलं असेल त्याला. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ताच्या, १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात या रोगावर दिल्या जाणाऱ्या चोपचिनी नावाच्या मुळीवर अख्खा संवाद आहे. त्या मुळीची कीर्ती बरीचशी या आपोआप भरून येण्यावरच उभी असावी, असं मला वाटतं.

पुढे काही आठवड्यांनी अंगावर पुरळ येतं, तळहात-तळपायांवरसुद्धा, आणि सहसा खाजत नाही. तेही जातं. मग वर्षानुवर्षं शांतता. काहींच्या बाबतीत दहा-वीस वर्षांनी हृदयाची महाधमनी नाहीतर मेंदू पोखरलेला सापडतो.

परमा, म्हणजे गनोरिया, पुरुषात बहुधा लपत नाही. काही दिवसांतच लघवीला आग होते आणि पिवळट पू येतो. पण कोकणातल्या उन्हात आग झाली की ‘उन्हाळी लागली’ म्हणून शहाळं आणि कोकम सरबत सुरू होतं. उन्हाळीत पू येत नसतो. क्लॅमिडियाला कित्येकदा तेवढंही लक्षण नसतं. कधी एकदम वृषणच सुजून दुखतं. बारीक दुखरे फोड पुन्हापुन्हा त्याच जागी उठले तर संशय हर्पीसचा.

सरकारी ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये औषधांची पाकिटं रंगांवरून ओळखतात: लिंगातून स्राव असेल तर करडं, व्रण असेल तर पांढरं. या पांढऱ्यात पेनिसिलिन असतं. परम्याच्या जंतूने एकामागून एक औषधं निकामी केली. सिफिलिसचा जंतू मात्र १९४३ पासून त्याच पेनिसिलिनपुढे हरत आलाय; सुरुवातीच्या टप्प्यात चोवीस लाख युनिटचं एक इंजेक्शन पुरतं. व्रण ताजा असेल तर रक्ताची पहिली तपासणी कोरी येऊ शकते, म्हणून ती पुन्हा करतात. आणि डॉक्टर जोडीदारालाही बोलावतात, नाहीतर बरा झालेला पुरुष घरी जाऊन तोच रोग पुन्हा घेऊन येतो.