घरपोच सेवा आणि श्वसनाचे आरोग्य



खाटा, शस्त्रक्रिया, सवलतीचे उपचार आणि जमाखर्च यांचा तपशील अहवालाच्या पुढील पानांवर दिलेला आहे. मात्र या वर्षी हाती घेतलेले एक काम कोणत्याच तक्त्यात बसत नाही, म्हणून त्याविषयी स्वतंत्रपणे लिहीत आहोत.

मुंबईतील आपल्या रुग्णालयाच्या नेब्युलायझर कक्षाची खिडकी मालाच्या फाटकाकडे उघडते. गेल्या हिवाळ्यात परिचारिकांनी ती कायमची बंद ठेवण्याची परवानगी मागितली. औषधे व सलाइन घेऊन येणारे टेम्पो आणि दुचाकी इंजिन चालू ठेवूनच फाटकाशी उभ्या असतात आणि तो धूर दम लागलेल्या मुलांपर्यंत पोहोचतो, असे त्यांचे म्हणणे होते. आम्ही आवक नोंदवही उघडली, तेव्हा संकोच वाटला. एकाच पुरवठादाराची गाडी एका दिवसात तीनदा आलेली होती आणि तिन्ही मागण्या आमच्याच, तीन निरनिराळ्या विभागांच्या होत्या.

धुरातील ज्या कणांची डॉक्टरांना अधिक चिंता वाटते, ते पीएम २.५ या नावाने ओळखले जातात. त्यांचा व्यास अडीच मायक्रॉन किंवा त्याहून कमी, म्हणजे केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या हिश्श्याहूनही लहान असतो. नाकात वा घशात न अडकता ते फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत जातात. त्यांतील काही रक्तातही मिसळतात, त्यामुळे दम्याबरोबरच हृदयविकाराच्या रुग्णांनाही त्यांचा त्रास होतो. भारतीय मानकानुसार त्यांचे वार्षिक प्रमाण दर घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली हीच मर्यादा ५ वर आणली. थंडीत वारा मंदावला, की ही घाण मुंबईवर जमिनीलगतच साचून राहते.

या प्रदूषणात बांधकामाची व रस्त्यावरची धूळ, कारखाने, कचरा जाळणे यांचाही मोठा वाटा आहे. सारा दोष घरपोच सेवेच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परंतु गल्लीत, फाटकाशी, नाकाच्या उंचीवर सोडला जाणारा धूर आपल्या मागणीवरून आलेला असतो आणि तो कमी करणे बऱ्याच अंशी आपल्याच हाती आहे.

आम्ही वाणिज्य शाखेचे, त्यामुळे हिशेब मांडून पाहिला. समजा, दुकान दोन किलोमीटरवर आहे आणि एकाच इमारतीतील पाच घरांनी निरनिराळ्या वेळी काही मागविले. पाच फेऱ्यांचे जाऊन-येऊन वीस किलोमीटर होतात. तेच सामान एका फेरीत नेल्यास चार किलोमीटर पुरतात. शिवाय थंड इंजिन अधिक धूर सोडते, कारण धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याखेरीज नीट काम करीत नाही. छोट्या, तुटक फेऱ्या म्हणूनच अंतराच्या मानाने महाग पडतात. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकामुळे नवी वाहने पुष्कळ सुधारली, तरी फेऱ्यांची संख्या त्याने कमी होत नाही. विजेवरील दुचाकीतून धूर निघत नाही, हा मोठाच लाभ. मात्र टायर व ब्रेक यांच्या झिजेची धूळ तिच्यामुळेही उडते.

घरपोच सेवा बंद करावी, असा याचा अर्थ नव्हे. आमचे अनेक वृद्ध रुग्ण तिच्यावरच अवलंबून आहेत, आणि प्रत्येकाने आपली गाडी काढून बाजारात जाण्यापेक्षा एका वाहनाने दहा घरांचे सामान आणणे केव्हाही बरे. मुंबईचे डबेवाले १८९० पासून हेच करीत आले आहेत. डबे गोळा करायचे, लोकलने न्यायचे, पुढे सायकलीने वा पायी पोहोचवायचे. वेळ ठरलेली असल्यामुळेच हे जमते. अडचण आहे ती ‘आत्ताच्या आत्ता’ची. ही सवय २०२१ नंतर फार बळावली आणि तिचा धूर सर्वांत आधी सामान आणणाऱ्या त्या तरुण मुलांच्याच छातीत जातो.

या वर्षी सर्व विभागांची मागणी आम्ही एकत्र केली आणि पुरवठादारांना मंगळवार व शुक्रवार नेमून दिले. फाटकात इंजिन बंद करणे सक्तीचे केले. रक्त, प्राणवायू व तातडीची औषधे यांना अर्थातच हे नियम लागू नाहीत. साठा वाढल्यामुळे एक खोली गोदामासाठी द्यावी लागली आणि वर्षअखेरचा शिल्लक माल वाढलेला पाहून लेखापरीक्षकांनी खुलासा मागविला. तो आम्ही दिला. रुग्णांच्या घरी जाणारी औषधेही विभागवार ठरलेल्या दिवशी जाऊ लागली. प्रारंभी एका कुटुंबास रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी दोन दिवस थांबावे लागले. ही चूक आमची होती. आता औषध संपण्याच्या पाच दिवस आधी दूरध्वनी केला जातो.

नेब्युलायझर कक्षाची खिडकी आता सकाळी उघडी असते. मंगळवारी व शुक्रवारी मात्र परिचारिका ती अजूनही लावून घेतात.

रुग्णांच्या कुटुंबीयांस विनंती, की अहवालासोबतच्या पत्रकात औषधे घेण्यास घरी कोणी असेल अशी वेळ आणि शेजारी ठेवून चालतील का, हे कळवावे. दार बंद असल्याने परत गेलेले औषध म्हणजे आणखी एक फेरी. एकाच इमारतीत आमचे दोन रुग्ण असल्यास तेही लिहावे. भरलेले पत्रक औषध विभागाच्या खिडकीवर द्यावे, टपालाने पाठविले तरी चालेल.