कमठाण्याहून निघणारा लाल-काळा रस्ता

रविवारच्या भटकंतीसाठी घाटच हवा असे नाही. बीदरच्या दक्षिणेला कमठाण्याच्या बाजूने गाडी काढली, की पठारी मुलुखाचे सौंदर्य उलगडत जाते.

बीदरचे पठार 2,200 फुटांहून उंच आणि जांभ्या दगडाचे. त्यामुळे वरची माती तांबडी. पठाराची कड उतरली की जमीन काळीभोर होते आणि दोन्हीकडे तूर, सोयाबीन, ऊस दिसू लागतो. हा रंगबदल हीच या सफरीची खरी मौज! महामार्गावरून वेगात जाणाऱ्याच्या नजरेतून ती निसटते.

मन्नाएखेळ्ळीला पुणे-हैदराबाद महामार्ग ओलांडून दक्षिणेला गेले की कलबुर्गी जिल्ह्यातला चिंचोळी तालुका लागतो. तिथले अभयारण्य कोरड्या मुलुखात अनपेक्षित हिरवे, आणि त्यातच चंद्रमपळ्ळीचे धरण. वाटेवरची शेतेही पाहण्यासारखी. कलबुर्गीच्या तुरीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पावसाळा सरल्यावर ती पिवळी फुलते, तेव्हा इथे यावेच.

पश्चिमेला वळायचे असेल तर हुमनाबादलगतचे माणिकनगर गाठावे. माणिकप्रभूंच्या समाधीमुळे मराठी घरांना हे नाव परके नाही. पुढे जलसंगवीच्या चालुक्यकालीन मंदिरावर शिलालेख कोरणारी दगडी सुंदरी आहे. तिच्यासाठी तासभर राखून ठेवावा.

अशा वाटा शोधताना नकाशावर आधी तळी, धरणे, जुनी देवळे पाहावीत. त्यांना जोडणारे गावरस्ते सहसा सुंदर निघतात. सुगीत मात्र रस्त्यावर शेंगा वाळत घातलेल्या असतात, बैलगाड्याही असतात. तिथे वेग कमी ठेवा आणि अंधार पडण्याआधी परत फिरा.