ट्रेलर, टँकर आणि आपण: पेण-रोह्याच्या रस्त्यावरचे पाच गैरसमज

पेणजवळ डोलवीचा पोलाद कारखाना, पुढे नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प आणि कोलाडहून आत वळलं की रोह्याची धाटाव एमआयडीसी. मुंबई-गोवा महामार्गाच्या या पट्ट्यात स्टीलच्या कॉइल लादलेले ट्रेलर आणि रसायनांचे टँकर यांच्या मधूनच एसटी, शाळेच्या रिक्षा आणि दुचाक्या वाट काढतात. इथे ट्रकविषयीचा चुकीचा समज थेट जिवावर बेततो.

गैरसमज 1: उंच केबिनमधून ड्रायव्हरला सगळं दिसतं.

वस्तुस्थिती: केबिन जितकी उंच, तितकं बंपरच्या अगदी पुढचं कमी दिसतं. ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणून डाव्या दाराखालचा भाग बहुतांशी त्याच्या नजरेआड असतो. त्यात ट्रेलर डावीकडे वळताना त्याची मागची चाकं आतल्या बाजूने कापत येतात. नाक्यावर डावीकडून घुसलेला दुचाकीस्वार नेमका तिथेच चिरडला जातो. साधी खूण लक्षात ठेवा: ट्रकच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा तुम्हाला दिसत नसेल, तर तुम्हीही त्याला दिसत नाही.

गैरसमज 2: उतारावर न्यूट्रल केलं की डिझेल वाचतं.

वस्तुस्थिती: आजच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या इंजिनात उलटं घडतं. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधन जवळजवळ बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळत राहतं. शिवाय इंजिनचा रोध गेल्यामुळे सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि ऐन वेळी लागत नाहीत. सुकेळी खिंड उतरताना भरलेली गाडी खालच्या गिअरमध्येच हवी. छोट्या गाडीवाल्यांनीही ध्यानात घ्यावं: ताशी 60 किलोमीटर वेगाने ट्रक सेकंदाला सुमारे 17 मीटर जातो आणि एअर ब्रेकमध्ये हवेचा दाब चाकापर्यंत पोहोचायला क्षणभर लागतोच. ओव्हरटेक करून लगेच त्याच्या पुढ्यात घुसणं म्हणजे त्याचं थांबायचं अंतरच हिरावून घेणं.

गैरसमज 3: चहा-तंबाखूवर रात्र काढता येते.

वस्तुस्थिती: तीन सेकंदांची डुलकी म्हणजे ताशी 60 किलोमीटर वेगात 50 मीटर आंधळा प्रवास. तंबाखूने झोपेची गरज भागत नाही. ती झोपूनच भागते. 2025 मध्ये रद्द होईपर्यंत मोटार परिवहन कामगार अधिनियम, 1961 नुसार दिवसाला 8 तास, आठवड्याला 48 तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती असा नियम होता. पण दिवसभर गेटबाहेर लोडिंगच्या रांगेत थांबून रात्री गाडी काढणाऱ्याला अशी विश्रांती मिळणार कधी? 19 जानेवारी 2023 च्या पहाटे याच महामार्गावर, माणगाव तालुक्यातल्या रेपोलीजवळ, ट्रक आणि ईको गाडीची धडक होऊन एकाच कुटुंबातली माणसं गेली. त्या अपघातात चूक कोणाची, हा प्रश्न वेगळा. पण पहाटेच्या वेळी शरीर झोप मागतं, हे कोणत्याही ड्रायव्हरला चुकलेलं नाही. मालकाने वेळापत्रक आखताना हे धरलंच पाहिजे.

गैरसमज 4: टँकर उलटला, पण वास येत नाही, म्हणजे जवळ जायला हरकत नाही.

वस्तुस्थिती: काही विषारी वायूंना वास नसतो, तर काहींचा वास घेता घेता नाक बधिर होतं. धोकादायक माल नेणाऱ्या टँकरवर आपत्कालीन माहितीची पाटी असते. त्यावर पदार्थाचा क्रमांक आणि संपर्काचा फोन असतो. लांबूनच तो क्रमांक वाचा, वारा ज्या दिशेने येतोय तिकडे सरका आणि 112 ला कळवा. व्हिडिओ काढायला किंवा सांडलेलं भरून घ्यायला जाऊ नका. अशा टँकरच्या ड्रायव्हरला वेगळं प्रशिक्षण आणि लायसन्सवर तशी नोंद लागते. आत काय आहे आणि ते सांडलं तर काय करायचं, हे माल पाठवणाऱ्याने त्याला लेखी द्यायचं असतं.

गैरसमज 5: अपघात झाला की ड्रायव्हरने पळावं, नाहीतर लोक मारतात.

वस्तुस्थिती: जमावाची भीती खोटी नाही, आणि कायद्यालाही ती ठाऊक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 प्रमाणे जखमीला उपचार मिळवून देणं ड्रायव्हरचं कर्तव्य आहे. जमावाच्या संतापामुळे ते शक्य नसेल, तर त्याला सूट आहे. मात्र जवळच्या पोलीस ठाण्यात शक्य तितक्या लवकर, फार तर 24 तासांत, खबर द्यावीच लागते. म्हणजे जीव वाचवायला बाजूला होणं वेगळं आणि पसार होणं वेगळं. जानेवारी 2024 च्या ट्रकचालकांच्या संपामागे भारतीय न्याय संहितेतली, न कळवता पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. 1 जुलै 2024 ला संहिता लागू झाली, तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवण्यात आलं; पण कलम 134 चं कर्तव्य तसंच आहे. मदतीला धावणाऱ्यालाही कलम 134अ चं संरक्षण आहे. ड्रायव्हरवर हात उगारणारा जमाव मात्र जखमीची मोलाची मिनिटं वाया घालवतो.

ओव्हरलोडचा दंडही गाडी चालवणाऱ्यापुरता नाही, ती चालवायला लावणाऱ्यालाही लागू आहे: 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000. स्टिअरिंग ड्रायव्हरच्या हातात असतं, म्हणून त्याची जबाबदारी मोठीच. पण माल किती भरायचा, गाडी कधी सोडायची आणि त्याला झोपायला जागा द्यायची की नाही, हे ठरवणारे दुसरेच असतात. अपघातानंतर त्यांनाही जाब विचारला गेला, तरच हा रस्ता सुरक्षित होईल.