लाल शाईच्या चार नोंदी

जवानाला चार वेळा शिक्षा झाली की त्याची वळकटी बांधली जाते, हे पलटणीत जितक्या ठामपणे सांगतात तितक्याच ठामपणे गावच्या पारावरही सांगतात. या शिक्षा लाल शाईने नोंदवतात, म्हणून ‘रेड इंक एन्ट्री’. चार झाल्या, विषय संपला, अशी समजूत.

विषय संपत नाही. लष्कराच्या मुख्यालयानेच 28 डिसेंबर 1988 च्या पत्रात क्रम घालून दिला आहे: आधी प्राथमिक चौकशी, मग कारणे दाखवा नोटीस, जवानाचं उत्तर आणि त्यानंतर निर्णय. 2015 मध्ये वीरेंद्रकुमार दुबे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की चार नोंदींमुळे डिस्चार्ज आपोआप होत नाही. अपराध किती गंभीर होते, नोकरी किती झाली, कठीण ठाण्यांवर माणूस कसा वागला, पेन्शन किती जवळ आली आहे, हे अधिकाऱ्याने पाहायलाच हवं. जवानाला पेन्शन साधारणपणे पंधरा वर्षांच्या सेवेनंतर मिळते. चौदाव्या वर्षी घरी पाठवलेल्या माणसाचं काय होतं, हे त्या घराला विचारा. म्हणून नोटीस आली की ‘चूक झाली, माफी असावी’ एवढ्या दोन ओळी लिहून मोकळं होऊ नये. सियाचीनमधली दोन वर्षं असोत, मिळालेली शाबासकी असो, घरातलं आजारपण असो, सगळं तारखांसकट त्या उत्तरात यायला हवं. पुढे न्यायाधीश तेच वाचणार आहेत.

गावाकडे ‘काढून टाकलं’ हा एकच शब्द चालतो. कायद्यात मात्र डिस्चार्ज आणि डिसमिस यांत मोठं अंतर आहे. डिस्चार्ज म्हणजे सेवामुक्ती. त्यात कमावलेली पेन्शन राहते. डिसमिस म्हणजे बडतर्फी. तिच्यात साधारणपणे पेन्शनही जाते. हातात आलेल्या कागदावर यातला कोणता शब्द आहे, हे आधी वाचा.

सगळ्यात जास्त भीती असते ती समरी कोर्ट मार्शलची. तिथे कमांडिंग ऑफिसर एकटाच न्यायालय असतो, एक वर्षापर्यंत कैद देऊ शकतो, बडतर्फही करू शकतो. निकालाला वरच्या अधिकाऱ्याची पुष्टी लागत नाही. सहसा शिक्षा लगेच सुरू होते. त्यामुळे ‘सीओ साहेबांनी ठरवलं, आता देवही वाचवणार नाही’ असं वाटणं मी समजू शकतो. पण आरोप कळवल्यापासून खटला सुरू होईपर्यंत किमान 96 तास मिळालेच पाहिजेत. प्रत्यक्ष मोहिमेवर असताना 24. जवान सोबत मदतनीस आणू शकतो, तो वकीलही असू शकतो. त्याला साक्षीदारांना थेट प्रश्न विचारता येत नाहीत, पण कोणता प्रश्न विचारायचा हे तो जवानाला सुचवू शकतो. ‘गुन्हा कबूल’ लिहून घेण्याआधी त्या कबुलीचा परिणाम काय होईल, हे जवानाला समजावून सांगणं बंधनकारक आहे. ‘सही कर, शिक्षा कमी होईल’ या शब्दावर विसंबून केलेली सही पुढे फार जड जाते.

या बाबतीत 1987 चा रणजित ठाकूर खटला प्रत्येक जवानाला माहीत असावा. या सिग्नलमनने आपल्या कमांडिंग ऑफिसरविरुद्ध थेट वरिष्ठांकडे तक्रार पाठवली, त्याबद्दल त्याला 28 दिवसांची कैद झाली. कैदेत असताना जेवण्याचा हुकूम मोडला म्हणून समरी कोर्ट मार्शल झालं, आणि निवाड्याला तेच अधिकारी बसले. शिक्षा एक वर्ष सक्तमजुरी, वर बडतर्फी. न्यायाला कोणी बसावं यावर हरकत घेण्याची संधी त्याला दिलीच गेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने पक्षपात आणि अपराधाच्या मानाने अवाजवी शिक्षा या कारणांवर सगळं रद्द केलं आणि त्याला पुन्हा नोकरीवर घ्यायला लावलं.

‘फौजी माणूस कोर्टात जाऊ शकत नाही’ हा समज राज्यघटनेच्या अनुच्छेद 33 मधून वाढला असावा. त्यानुसार संसद सैनिकांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालू शकते. मर्यादा म्हणजे हक्क पुसून टाकणं नव्हे. 2007 च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण, म्हणजे एएफटी, स्थापन झालं आणि 2009 पासून ते चालू आहे. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातसाठी खंडपीठ मुंबईत आहे. एक न्यायिक सदस्य आणि एक माजी वरिष्ठ सेनाधिकारी मिळून सुनावणी घेतात, आणि तिथे आपल्या पसंतीचा वकील देता येतो. बदली आणि रजेच्या तक्रारी मात्र तिथे चालत नाहीत. एएफटीने नाकारलं तरी उच्च न्यायालयाचा मार्ग बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये ठामपणे सांगितलं.

रजेवर येऊन परत न गेलेल्या मुलांची गोष्ट वेगळीच. घरचे म्हणतात, लपून राहू दे, वर्षभरात विसरतील. तीस दिवस गैरहजर राहिल्यावर चौकशी बसते, त्याला पळपुटा घोषित केलं जातं, आणि दर महिन्यागणिक प्रकरण अवघड होत जातं. स्वतःहून हजर होणं आणि पोलिसांनी पकडून नेणं यांत न्यायालय फरक करतं. आईच्या ऑपरेशनचे कागद असतील तर ते सोबत न्यावेत.

आता मुदत. डिस्चार्जसारख्या प्रकरणात आधी लष्करातच तक्रार करायची असते. अंतिम आदेश मिळाल्यापासून सहा महिन्यांत एएफटीत अर्ज हवा. तक्रारीला सहा महिने उत्तरच आलं नाही, तर पुढचे सहा महिने हातात असतात. सबळ कारण दाखवलं तर उशीर माफ होतो, पण त्या भरवशावर बसू नये. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका, आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. जाताना नोटीस, आरोपपत्र, निकालाची प्रत, दिलेल्या उत्तराची प्रत आणि टपालाचा तो लिफाफाही न्या. पत्र हातात कधी पडलं, हे त्याच्यावरच्या शिक्क्यावरून दाखवता येतं.